साठच्या दशकाच्या शेवटचे अल्बम ऐकायचेत? मग रॉकपासून सुरुवात करू नका

१९६७ ते १९६९ चे अल्बम म्हणून नेटवर कुठलीही यादी उघडा, वरची नावं ठरलेली असतात. बीटल्स, स्टोन्स, डोअर्स, हेंड्रिक्स, झेपलिन, आणि मग खाली कुठेतरी उपकार केल्यासारखा एक माइल्स डेव्हिस आणि एक अरीथा फ्रँकलिन. नवीन माणूस ती यादी वरून खाली ऐकायला घेतो आणि चार-पाच अल्बममध्ये दमतो, कारण हे गिटारवाले एवढे का पेटलेत आणि हे सगळं आलं कुठून याचा त्याला पत्ताच लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की यादी उलटी करा. आधी सोल (चर्चच्या गायनातून आलेलं काळ्या अमेरिकनांचं गाणं), मग ब्लूज (त्यांचंच त्याहून जुनं, दुःखाचं गाणं), मग रॉक, आणि जॅझ त्याच्या पाठोपाठ लगेच. दुकानात यांचे कप्पे वेगळे असतील पण या तीन वर्षांत वादक तेच, गाणी तीच, बऱ्याचदा हॉलसुद्धा तेच होते, त्यामुळे एक धागा धरला की बाकीचे आपोआप हाताला लागतात.

पायरी १: आधी अॅप नीट लावून घ्या

कंटाळवाणं काम आहे पण करा. स्ट्रीमिंग अॅपवर जुना अल्बम शोधला की पाच-सहा आवृत्त्या समोर येतात, रिमास्टर, डिलक्स, सुपर डिलक्स, पन्नासाव्या वर्षाची वगैरे, आणि खाली साल दिसतं २००९ नाहीतर २०१७, मूळ साल गायब. मूळ अल्बम एलपीवर, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या विनाइल रेकॉर्डवर आलेला होता, एका बाजूला साधारण वीस मिनिटं, म्हणजे दोन्ही मिळून ३५ ते ४५ मिनिटं. समोर चाळीस गाणी दिसली तर पुढची बहुतेक उरलीसुरली टेक आणि डेमो आहेत असं समजा, मूळ दहा-बारा झाली की थांबायचं. पहिली बाजू कुठे संपते तेही बघून ठेवा कारण गाण्यांचा क्रम त्या हिशोबाने लावलेला असायचा, बाजूचं शेवटचं गाणं आणि उलटल्यावरचं पहिलं गाणं मुद्दाम निवडलेलं. शफल अजिबात नको.

दुसरं म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांचा घोळ. ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून (एका गाण्याची छोटी सुटी रेकॉर्ड) आलेलं गाणं सहसा एलपीवर घ्यायचे नाहीत, अमेरिकेत मात्र हिट गाणी हमखास कोंबायचे. हेंड्रिक्सचा पहिला अल्बम 'आर यू एक्सपिरियन्स्ड' मे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये आला त्यात 'पर्पल हेझ' नाही, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत आला त्यात 'पर्पल हेझ' आहे पण 'रेड हाउस' काढून टाकलंय, जे त्या रेकॉर्डवरचं सगळ्यात सरळ ब्लूज गाणं. म्हणजे हा माणूस कुठून आला ते सांगणारं गाणंच अमेरिकन लोकांना मिळालं नाही. हल्लीच्या आवृत्त्यांत दोन्हीकडची गाणी असतात, तुम्ही 'रेड हाउस' आहे ना तेवढं बघा.

तिसरं, हेडफोन. त्या काळचं स्टिरिओ विचित्र असतं, ड्रम्स एका कानात आणि गायक दुसऱ्या, हेडफोन बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो. सुरुवात शक्यतो स्पीकरवर करा किंवा मोनो आवृत्ती (दोन्ही कानांत सारखाच आवाज) मिळाली तर ती घ्या. १९६७ पर्यंत खरं लक्ष मोनोवरच असायचं, 'सार्जंट पेपर'चं मोनो मिक्स होताना बीटल्स स्वतः हजर होते आणि स्टिरिओचं काम इंजिनियर लोकांनी नंतर उरकलं. १९६९ पर्यंत मात्र मोनो जवळपास बंदच पडलं, त्यामुळे त्यापुढचं स्टिरिओच ऐका.

पायरी २: अरीथापासून सुरू करा, मग मेम्फिसला जा

पहिला अल्बम 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू', मार्च १९६७, अटलांटिक कंपनी. ३३ मिनिटांच्या आसपास, अकरा गाणी, एकही फुकट नाही. अरीथा फ्रँकलिन याआधी कोलंबिया कंपनीत होती आणि तिथे तिच्याकडून जॅझ, स्टँडर्ड (सगळेच गातात अशी जुनी लोकप्रिय गाणी), ऑर्केस्ट्रावाली गाणी असं सगळं गाऊन घेतलं, बाई गातेय उत्तम पण कंपनीला तिचं काय करायचं तेच कळत नव्हतं. अटलांटिकचा प्रोड्यूसर जेरी वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्याशा गावातल्या फेम स्टुडिओत घेऊन गेला आणि पियानोवर बसवलं, झालं काम. बाकीचे वादक बहुतेक सगळे दक्षिणेतले गोरे पोरगे. अल्बमचं टायटल गाणं तिथे झालं, दुसरं अर्धवट झालं, आणि तेवढ्यात तिचा नवरा आणि तिथली मंडळी यांच्यात जोरदार भांडण होऊन रेकॉर्डिंगच मोडलं. मग वेक्सलरने तेच वादक न्यूयॉर्कला बोलावून बाकीचा अल्बम पुरा केला. टायटल गाण्याच्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो ऐका, स्पूनर ओल्डहॅमचा, दोन-तीन स्वरांत सगळा मूड बांधून ठेवतो.

आता याच अल्बमवरचं 'रिस्पेक्ट' ऐका आणि लगेच ओटिस रेडिंगचं १९६५ चं मूळ 'रिस्पेक्ट' लावा. गाणं ओटिसने लिहिलेलं, त्यात दमून घरी येणारा नवरा बायकोकडे मान मागतोय. अरीथाने तेच बाईच्या तोंडी घातलं, शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणायची ती जागा तिने घातली, मागे तिच्या बहिणी गातायत, आणि गाण्याचा अर्थच फिरला. हा व्यायाम नक्की करा. तेच गाणं दोघांकडून ऐकायचं, पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हेच करायचंय.

ओटिसवरून आपण मेम्फिसला पोचतो, स्टॅक्स कंपनी. जुन्या सिनेमा थिएटरमध्ये स्टुडिओ, जमीन अजून उतारावरचीच, आणि घरचा बँड म्हणजे बुकर टी अँड द एमजीज. ऑर्गनवर बुकर टी जोन्स, गिटार स्टीव्ह क्रॉपर, बास डक डन, ड्रम्स अल जॅक्सन ज्युनियर. दोन काळे, दोन गोरे, आणि शहर साठच्या दशकातलं मेम्फिस! ही चार नावं पाठ करा, पुढे सारखी लागणार आहेत. ओटिसने जून १९६७ मध्ये माँटेरे पॉप फेस्टिव्हलमध्ये याच लोकांना घेऊन रॉकच्या पब्लिकला खिशात टाकलं, आणि सहा महिन्यांत, १० डिसेंबरला, विस्कॉन्सिनमध्ये विमान तळ्यात कोसळून गेला. वय २६. 'डॉक ऑफ द बे' त्याने जाण्याच्या काही दिवस आधीच रेकॉर्ड केलेलं, लाटांचे आणि पक्ष्यांचे आवाज क्रॉपरने नंतर टाकले. त्या नावाचा अल्बम फेब्रुवारी १९६८ मध्ये आला, तो खरं तर इकडची-तिकडची गाणी गोळा करून केलेला आहे, तरी ऐका.

त्याच विमानात बार-केज या तरुण बँडची चार पोरंही गेली. जो एक वाचला आणि जो त्या विमानात नव्हता अशा दोघांनी बँड पुन्हा उभा केला, आणि स्टॅक्सच्याच आयझॅक हेज या गायकाच्या 'हॉट बटर्ड सोल' या १९६९ च्या अल्बमवर वाजवतोय तो हाच बँड. मध्ये स्टॅक्सवर बरंच काही कोसळलं होतं. अटलांटिकशी असलेल्या करारात त्यांची आधीची बहुतेक सगळी रेकॉर्डिंग अटलांटिकच्या मालकीची ठरली, आणि एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच शहरात, लोरेन मोटेलवर, जिथे स्टॅक्सचे लोक उठता-बसता जायचे. कंपनीकडे जुना मालच उरला नाही तेव्हा स्टॅक्स चालवणाऱ्या अल बेलने एकदम २७ अल्बम काढायचं ठरवलं. एवढ्या गर्दीत एकाने काय केलं याकडे कोण बघतंय, म्हणून हेजला मोकळीक मिळाली आणि त्याने केली चारच गाणी. शेवटचं १८ मिनिटांच्या वर जातं आणि त्यात आधी आठेक मिनिटं तो नुसता बोलतोय! सोल म्हणजे तीन मिनिटांची सिंगल हा समज इथे मोडला. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा आला तर 'वॉक ऑन बाय' तेवढं ऐका, १२ मिनिटं, आवाज मोठा ठेवा.

पायरी ३: ब्लूज, पण दोनच माणसं

इथे नवीन लोक १९३० च्या खरखरत्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात करतात आणि आदर बाळगून बंद करतात. नंतर करा ते.

पहिला माणूस अल्बर्ट किंग, 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', १९६७, स्टॅक्स. मागे कोण वाजवतंय? बुकर टी आणि मंडळी. म्हणजे सोलच्या बँडवर ब्लूजची गिटार, त्यामुळे कानाला आधीच ओळखीचं वाटतं. किंग डावखुरा, गिटार उजव्या हाताची, तारा न बदलता तशीच उलटी धरायचा, त्यामुळे बारीक तार वर, आणि ती तो खाली ओढायचा. म्हणून त्याचा स्वर असा वाकतो की दुसऱ्याला ते जमवताना घाम फुटतो. आपल्याकडे मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला ही गोष्ट लगेच कळते, समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा बी. बी. किंग (नातं काही नाही, किंग खूप आहेत). त्याचा 'कम्प्लीटली वेल' १९६९ च्या शेवटी आला आणि त्यावरचं 'द थ्रिल इज गॉन' मागे व्हायोलिनं घालून केलंय. शुद्धतावादी लोक त्या व्हायोलिनांवर चिडतात, मला ती तिथे हवीच वाटतात. गाणं मुळात १९५१ चं, रॉय हॉकिन्सचं. बी. बी. गाताना गिटार वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, हे लक्षात ठेवून ऐका, दोन माणसं बोलल्यासारखं वाटतं.

मडी वॉटर्सचा 'इलेक्ट्रिक मड' (१९६८) मुद्दाम टाळून जा असं लोक सांगतात, मी म्हणेन शेवटी ऐका. कंपनीने म्हाताऱ्याला सायकेडेलिक कपडे घातले असा तो प्रकार आहे, खुद्द मडीला तो आवडला नव्हता. पण त्यावर गिटार वाजवणारा पीट कोझी हाच पुढे सत्तरच्या दशकात माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला, तेव्हा बघा धागा कुठे जातो.

पायरी ४: आता रॉक, आणि गाण्याखालचं नाव वाचायची सवय

आता अल्बर्ट किंगचं टायटल गाणं ऐकल्यावर क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या 'व्हील्स ऑफ फायर'वरचं (१९६८) तेच गाणं लावा. मग त्याच किंगच्या अल्बमवरचं 'द हंटर' ऐकून लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमचं (जानेवारी १९६९) शेवटचं गाणं लावा, मध्येच 'हंटर' डोकं वर काढेल. तुम्हीच हसाल. ही मजा उलट्या क्रमाने ऐकणाऱ्याला मिळत नाही.

आणि गाणं कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर दोन गाण्यांखाली विली डिक्सन या ब्लूज गीतकाराचं नाव आहे, दुसऱ्या अल्बमवरच्या 'होल लॉटा लव्ह'खाली मात्र १९६९ मध्ये नव्हतं. मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेलं डिक्सनचं गाणं त्यात उघड दिसत होतं, डिक्सनने १९८५ मध्ये दावा ठोकला आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. स्टोन्सच्या 'बेगर्स बँक्वेट'वर (डिसेंबर १९६८) 'प्रॉडिगल सन' आहे, ते रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्सचं, पण सुरुवातीला छापलं जॅगर-रिचर्ड्स, म्हणजे स्टोन्सच्याच दोघांचं नाव. अल्बम उत्तम आहे, त्यात वाद नाही, पण नाव कोणाचं छापलं आणि पैसे कोणाला गेले हा या काळाच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे आणि प्रेमापोटी तो विसरू नये असं मला वाटतं.

हेंड्रिक्सचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड' ऑक्टोबर १९६८, डबल अल्बम. सगळा एकदम नको. पहिल्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या शेवटी १५ मिनिटांचं 'वूडू चाइल' आहे, शेवटच्या बाजूवर जवळपास त्याच नावाचं छोटं आणि जास्त प्रसिद्ध गाणं आहे ते नव्हे. लांबवालं ऐका. संथ ब्लूज, ऑर्गनवर स्टीव्ह विनवूड, बासवर जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचा जॅक कॅसडी, मध्यरात्रीनंतर स्टुडिओत जमलेली मैफल. अल्बर्ट किंग ऐकून आला असाल तर इथे हरवणार नाही.

बीटल्सबद्दल मी थोडक्यात आवरतो कारण त्यांच्यावर मराठीतही पुष्कळ लिहून झालंय. 'सार्जंट पेपर' (मे १९६७), 'व्हाइट अल्बम' (नोव्हेंबर १९६८), 'अॅबी रोड' (सप्टेंबर १९६९) याच क्रमाने ऐका. आपल्याकडच्या लोकांसाठी एक जोड: जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करत होता, 'वंडरवॉल म्युझिक' या त्याच्या अल्बमसाठी, वादकांत शिवकुमार शर्माही होते. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीत त्याच वेळी मुंबईत झालं. अल्बम म्हणून 'वंडरवॉल' तुकड्या-तुकड्यांचा आहे, भारी वगैरे म्हणणार नाही, पण एकदा ऐकायला हरकत नाही.

पायरी ५: जॅझला घाबरायचं कारण नाही

जॅझमध्ये लोक सुरुवातीला चाल शोधतात, ती सापडली नाही की सोडून देतात. म्हणून आधी चार्ल्स लॉइडचा 'लव्ह-इन' लावा, जानेवारी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये, म्हणजे थेट हिप्पींच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेला, पियानोवर तरुण कीथ जॅरेट. त्याच फिलमोरमध्ये त्याच वर्षी बी. बी. किंगला पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तो रडला. म्हणून म्हटलं हॉल तेच होते.

मग 'इन अ सायलेंट वे'. माइल्स डेव्हिस, १८ फेब्रुवारी १९६९ ला एका दिवसात वाजवलेला, जुलैमध्ये बाजारात. दोन बाजू, प्रत्येकी एक लांब तुकडा, एकूण ३८ मिनिटं. तीन कीबोर्डवाले, हर्बी हँकॉक, चिक कोरिया, जो झाविनुल, आणि गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन, जो इंग्लंडहून नुकताच येऊन पोचला होता. (हाच पुढे झाकीर हुसेनबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये.) माइल्सने त्याला सांगितलं की गिटार येतच नाही असं समजून वाजव. ज्याला विलंबित ख्याल ऐकायची सवय आहे त्याला हा अल्बम रॉकवाल्यांपेक्षा लवकर आवडतो असा माझा अनुभव आहे, कारण घाई कुणालाच नाही, एक स्वर धरून बसायची तयारी आहे. दुसरी बाजू आधी लावली तरी चालेल. तिची सुरुवात नीट ऐकून ठेवा, कारण शेवटी तेच परत येतं, आणि तेच म्हणजे पुन्हा वाजवलेलं नाही, प्रोड्यूसर टिओ मसेरोने टेप कापून तोच तुकडा परत जोडलाय. जॅझमध्ये कात्री चालवायची म्हणजे तेव्हा अब्रह्मण्यम होतं.

माइल्सला त्या काळात हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन ऐकवले ते बेट्टी मॅब्रीने, त्याच्या तेव्हाच्या बायकोने. म्हणून 'इन अ सायलेंट वे'च्या आधी किंवा नंतर स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा 'स्टँड!' (मे १९६९) एकदा जरूर लावा, पुरुष-बाया, काळे-गोरे सगळे एका बँडमध्ये, लॅरी ग्रॅहमचा बास पोटात वाजतो. पुढचा टप्पा 'बिचेस ब्रू', वुडस्टॉक हा मोठा रॉक महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्ट १९६९ ला रेकॉर्डिंग सुरू झालं, आला १९७० मध्ये. तो अवघड आहे, महिनाभर थांबा.

फॅरोआ सँडर्सचा 'कर्मा' (१९६९) मात्र थांबवू नका. ३२ मिनिटांचा एक तुकडा, एलपीवर मावेना म्हणून मध्ये तोडून दोन्ही बाजूंना पसरलेला, सुरुवात आणि शेवट शांत आणि मधे सॅक्सोफोन अक्षरशः किंचाळतो. त्या किंचाळीपर्यंत आधीच्या शांततेतून चालत जायचं, थेट मधून लावलं तर शेजारी दार वाजवतील.

पायरी ६: मग कप्प्यात न बसणारे

व्हॅन मॉरिसनचा 'अॅस्ट्रल वीक्स' (नोव्हेंबर १९६८) दुकानात रॉकमध्ये मिळतो, पण बासवर रिचर्ड डेव्हिस, ड्रम्सवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के, म्हणजे जॅझचीच मंडळी, आणि त्यांना नोटेशन वगैरे काही दिलेलं नव्हतं, गायक गिटार घेऊन गात सुटला आणि हे मागून गेले. फक्त बास धरून एकदा पूर्ण अल्बम ऐका, शब्द दुसऱ्या वेळी. एमजीजचा 'मॅक्लेमोर अॅव्हेन्यू' हा १९७० चा, तांत्रिकदृष्ट्या आपल्या तीन वर्षांबाहेर, पण घ्या: 'अॅबी रोड'ची बरीचशी गाणी मेम्फिसच्या ऑर्गन-गिटारवर, एकही शब्द न गाता, आणि कव्हरवर 'अॅबी रोड'च्या कव्हरसारखेच चौघं आपल्या स्टुडिओसमोरचा रस्ता ओलांडतायत.

विनाइल घ्यायचं डोक्यात असेल तर सगळं ऐकून झाल्यावर घ्या, आणि चोरबाजारात जुनी प्रत बघताना कव्हरच्या आधी रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा, नख लागेल एवढा ओरखडा असेल तर सोडून द्या, बोटांचे ठसे आणि धूळ धुऊन जाते. महागडी 'फर्स्ट प्रेस' (त्या काळी छापलेली पहिली प्रत) वगैरेच्या नादी इतक्यात लागू नका, 'इन अ सायलेंट वे'ची साधी रीइश्यूसुद्धा (नंतर पुन्हा काढलेली प्रत) छान वाजते.

कॅप्टन बीफहार्टचा 'ट्राउट मास्क रेप्लिका' (१९६९, २८ गाणी, डबल) हौशी मित्र पहिल्याच आठवड्यात सुचवतील. हो म्हणा आणि सहा महिन्यांनी लावा.